नंबिओवरचं ‘पुणे विरुद्ध बंगळूर’: भाजीचा भाव बरोबर, बाकी हिशेब आपला आपण करा

ज्यांच्या घरात सध्या ‘बदली’ हा विषय जेवणाच्या टेबलावर आहे, त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू. वस्तू म्हणाल तर फुकट आहे: नंबिओ नावाची वेबसाइट. दोन शहरांची नावं टाकायची, की ती सांगते की इथल्या इतक्या रुपयांत जे राहणीमान होतं, त्यासाठी तिथे तितके रुपये लागतील. ह्यांच्या ऑफिसातून बंगळूरच्या बदलीचं पत्र आलं, तेव्हा सोबत याच पानाची लिंक होती आणि खाली एक ओळ: ‘पगारवाढ या फरकापेक्षा जास्त आहे, म्हणजे तुम्ही फायद्यात.’ मी सहकारी बँकेत हयात घालवली आहे. ‘तुम्ही फायद्यात’ असं समोरचा म्हणाला की मी आधी चष्मा पुसते.

मूळ साइट वाईट नाही. सर्बियात २००९ साली सुरू झाली, आकडे लोकच भरतात, आणि न्यूयॉर्क शंभर धरून जगातल्या बाकी शहरांना गुण देते. पुणे आणि बंगळूर दोन्हीकडे आकडे भरणारी आयटीतली मुलं भरपूर, त्यामुळे कांदा, बटाटा, टोमॅटो, अंडी, पेट्रोल, सिनेमाचं तिकीट हे सगळं खऱ्याच्या जवळ येतं. बंगळूरचं भाडं पुण्याहून जास्त दाखवते, तेही खरंच आहे. कुणी एखादा विचित्र आकडा टाकला तर कमाल-किमान दाखवणारा पट्टा शेजारी असतो, तो बघून अंदाज येतो. फुकटात एवढं मिळतंय म्हणून तीन तारे देते. उरलेले दोन का कापले, ते जरा सविस्तर.

पहिलं म्हणजे ही टोपली आपल्या घरातली नाही. यात लेट्यूस आहे, तूरडाळ नाही. किलोभर चीज आहे, गोडंतेल नाही. अर्धा लिटर बिअर आहे, मार्लबोरोचं पाकीट आहे, लिव्हाइसची जीन्स आहे, शनिवार-रविवारी तासभर टेनिस कोर्ट भाड्याने घेण्याचा दर आहे. पण धुणं-भांड्याच्या बाईंचा पगार नाही आणि गॅसचा सिलिंडरही नाही. घराच्या भाड्यात ‘शहराच्या मध्यवर्ती भागात’ आणि ‘मध्यापासून लांब’ असे दोन रकाने. पुण्याचा मध्य म्हणजे काय समजायचं? मंडई? तिथे वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या, पार्किंग नसलेल्या इमारतीतल्या वन बीएचकेचं भाडं आणि हिंजवडीच्या टॉवरमधलं भाडं यांत कुठलं ‘मध्यवर्ती’ म्हणून महाग असावं, हे ज्याने रकाना बनवला त्याला कोण सांगणार.

हे चालवून घेता येतं. खरी अडचण दुसरीकडे आहे. ही मांडणी ज्या देशांसाठी ठीक आहे, तिथे एका गावाहून दुसऱ्या गावी गेलं की दुकानातल्या किमतीही बदलतात. अमेरिकेत टेक्साससारख्या राज्यात राज्याचा प्राप्तिकरच नाही आणि शेजारच्या राज्यात असतो. आपल्याकडे तसं नाही. प्राप्तिकर केंद्राचा, तो पुण्याच्या कोथरूडलाही तोच आणि बंगळूरच्या जेपीनगरलाही तोच. १ जुलै २०१७ पासून जीएसटी. जकात नाक्यावर ट्रकची रांग बघत मोठ्या झालेल्या आमच्या पिढीला हे पटायला वेळ लागला, पण साबण, पंखा, मोबाइल, हॉटेलचं बिल, ज्याचा जो दर असेल तो देशभर एकच. पगारातून राज्य कापतं तो फक्त व्यवसाय कर, आणि घटनेच्या कलम २७६ मुळे तो कुठल्याही राज्याला वर्षाला २,५०० रुपयांपेक्षा जास्त लावता येत नाही. महाराष्ट्र पुरते अडीच हजार घेतो: अकरा महिने दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे. कर्नाटकही त्याच्याच आसपास. गोव्यात मुळी व्यवसाय करच नाही, पण ह्यांच्या कंपनीला गोवा सुचला नाही.

मग राज्य बदललं की पैसा जातो कुठे? जीएसटीचा हात जिथे पोचत नाही तिथे. पेट्रोल, दारू, वीज, गाडीचा रोड टॅक्स, घराची स्टॅम्प ड्यूटी. आणि कुठल्याच कायद्यात नसलेली गोष्ट म्हणजे त्या गावची भाड्याची रीत. पेट्रोलमध्ये या दोन शहरांत मी पाहिलं तेव्हा लिटरमागे एक-दोन रुपयांचाच फरक होता. दारूचं आम्हाला कर्तव्य नाही. घर तिथे घ्यायचं नाही. उरलं काय? गाडी, भाडं आणि वीज. आता यातलं नंबिओवर काय आहे बघा: भाडं आहे, पण डिपॉझिट नाही. विजेचा आकडा पाणी-कचऱ्याबरोबर एकाच रकान्यात घातलेला. गाडीची किंमत आहे, आणि तीही फोक्सवॅगन गोल्फची!

गाडीपासून सुरुवात करते, कारण बदलीच्या खर्चात सगळ्यात मोठा धोंडा तोच.

आमची पेट्रोलवरची छोटी गाडी २०२१ ची, शोरूमची किंमत आठ लाख. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, म्हणजे आम्ही ८८,००० रुपये रोड टॅक्स पुण्यात एकरकमी भरलेला. कर्नाटकात पाच लाखांपर्यंत १३, दहापर्यंत १४, वीसपर्यंत १७ आणि त्यावर १८ टक्के, शिवाय त्या करावर उपकर. हीच गाडी तिथे नवी घेतली असती तर सव्वा लाखाच्या घरात गेलो असतो. जुनी गाडी परराज्यातून नेली तर वयाप्रमाणे सूट मिळते, पण चार वर्षांच्या गाडीला ती फार नसते. एजंटाने फोनवर सांगितलेला आकडा नव्वद हजारांच्या आसपास होता, त्याची फी वेगळी.

“पण आम्ही एकदा भरलाय की टॅक्स, पंधरा वर्षांचा!” मी म्हटलं.

“तो महाराष्ट्राला भरला, मॅडम,” तो म्हणाला. आवाजावरून रोज हेच वाक्य बोलत असावा.

कायदा असा आहे: मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त राहिली, तर तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी आधी पुण्याच्या आरटीओतून ना हरकत, गाडीवर कर्ज असेल तर बँकेचीही ना हरकत, मग तिकडे टॅक्स भरून नवी नोंदणी. पुण्यात भरलेल्या टॅक्सपैकी उरलेल्या वर्षांचा भाग परत मिळतो, पण क्रम लक्षात घ्या: आधी तिकडे पूर्ण भरायचे, नवं आरसी हातात घ्यायचं, मग इकडे अर्ज करायचा. म्हणजे मधल्या काळात दोन्ही राज्यांकडे तुमचे पैसे आणि तुमच्याकडे पावत्या. बँकेच्या भाषेत हे बिनव्याजी कर्ज, आपण सरकारला दिलेलं.

भारत सिरीज, म्हणजे राज्य बदललं तरी तोच चालणारा बीएच नंबर, यावरच काढला आहे. २०२१ च्या सप्टेंबरपासून आला. सरकारी नोकरांना मिळतो, आणि खासगी नोकरीत असाल तर कंपनीची कार्यालयं किमान चार राज्यांत किंवा केंद्रशासित प्रदेशांत हवीत. टॅक्स दोन-दोन वर्षांचा भरायचा: दहा लाखांच्या आतल्या गाडीला ८ टक्क्यांच्या हिशेबाने, वीसपर्यंत १०, त्यापुढे १२, डिझेलला दोन जास्त, इलेक्ट्रिकला दोन कमी. ज्यांच्या नोकरीत बदल्या ठरलेल्याच आहेत आणि जे आता नवी गाडी घेणार आहेत, त्यांनी दुकानदाराला पहिला प्रश्न हाच विचारावा. तो स्वतःहून सांगेलच असं नाही.

आम्ही काय केलं? गाडी पुण्यात दिरांकडे ठेवली. ह्यांचं ऑफिस इलेक्ट्रॉनिक सिटीत. ऑगस्ट २०२५ मध्ये आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्र ही मेट्रोची पिवळी लाइन सुरू झाली, म्हणून घर मुद्दाम जेपीनगरला हिरव्या लाइनवर बघितलं. दोन स्टेशनं पुढे जायचं, गाडी बदलायची, थेट ऑफिस. ज्या सिल्क बोर्डच्या चौकातल्या वाहतूक कोंडीबद्दल बंगळूरचा प्रत्येक माणूस हात कपाळाला लावून बोलतो, त्याच्या डोक्यावरून हे रोज जातात. भाडं मात्र पुण्याच्या मेट्रोसारखं समजू नका. तिकडे फेब्रुवारी २०२५ च्या दरवाढीत कमाल तिकीट ६० वरून ९० रुपयांवर गेलं. वनाझहून शहरात जाणाऱ्या माणसाला ते ऐकूनच घाम फुटतो. तरी नव्वद हजारांच्या टॅक्सपुढे, पार्किंगपुढे आणि पेट्रोलपुढे ते कमीच भरलं. हा निर्णय नंबिओने सुचवला नसता, कारण तिथे मेट्रोचं तिकीट आणि गोल्फ गाडी एकमेकांशी बोलत नाहीत.

आता घर. इथे जरा थांबते, कारण आम्ही एकाच महिन्यात पुण्यात घरमालक आणि बंगळुरात भाडेकरू झालो, त्यामुळे दोन्ही बाजूंनी बघायला मिळालं. (शहाजीराजांची जहागीर पुण्यातही होती आणि बंगळुरातही. त्यांना डिपॉझिट द्यावं लागलं नसणार.)

पुण्यात कोथरूडचा आमचा टू बीएचके २८,००० ने दिला. डिपॉझिट तीन महिन्यांचं, ८४,०००. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे भाड्याने घर देण्याचा करार किती महिन्यांचा आहे हे न बघता नोंदवावाच लागतो. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५, आणि जबाबदारी घरमालकाची. मुद्रांक शुल्क पाव टक्का. अकरा महिन्यांचं भाडं ३,०८,०००, त्यात डिपॉझिटवर दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज ७,७००, एकूण ३,१५,७००, त्याचा पाव टक्का म्हणजे आठशेच्या आत. नोंदणी फी शहरात हजार. माणूस घरी येऊन अंगठा आणि फोटो घेऊन जातो. महाराष्ट्र सरकारच्या ज्या थोड्या गोष्टींचं मी तोंड भरून कौतुक करते त्यात ही एक.

बंगळुरात करार अकरा महिन्यांचाच असतो, पण कारण वेगळं: १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षाच्या वरच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे, म्हणून सगळे अकरावर थांबतात. ई-स्टॅम्पचा कागद, दोन सह्या, दोन साक्षीदार. स्वस्त आणि झटपट. मात्र उद्या वाद झाला तर हातात नोंदलेला कागद नसतो, आणि वाद होईल इतकी रक्कम अडकलेली असते.

घरमालकीणबाई सत्तरीच्या, कानात हिऱ्याच्या कुड्या, बोलणं हिंदी-इंग्रजी-कन्नड यांची भेळ. भाडं ३८,०००, मेंटेनन्स साडेचार हजार वेगळा. त्यावर म्हणाल्या, “डिपॉझिट आठ महिन्यांचं.”

मी म्हटलं, “अम्मा, पुण्यात दोन-तीन महिन्यांचं घेतात.”

“पूर्वी आम्ही दहा घ्यायचो,” त्या म्हणाल्या. म्हणजे आठ ही सवलतच होती.

शेवटी सहावर ठरलं: २,२८,०००. आता हा खर्च नाही, परत मिळणारे पैसे आहेत, असं ह्यांचं म्हणणं. मी हे बँकेत तीस वर्षं ग्राहकांना समजावलंय, घरातही समजावलं. आम्ही घेतलेले ८४,००० वजा केले तरी १,४४,००० रुपये त्या कुड्यांच्या घरी बिनव्याजी पडले. सात टक्क्यांची ठेव धरा: वर्षाला १०,०८०, महिन्याला ८४०. हे झालं भाडं, फक्त पावतीवर न येणारं. शिवाय तिथली एक पद्धत: घर सोडताना रंगकामाचं म्हणून एक महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून कापतात, तुम्ही भिंतीला खिळा ठोकला नसला तरी. करारात तसं लिहिलेलंच असतं. दोन वर्षं राहिलो तर महिन्याला आणखी दीड हजारावर. मी ‘रंगकाम प्रत्यक्ष बिलाप्रमाणे, कमाल एक महिन्याचं भाडं’ असं लिहून घ्यायचा आग्रह धरला. बाईंनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं, मग मुलाला फोन केला. लिहून मिळालं. विचारल्याशिवाय मिळत नाही, एवढंच.

आणखी एक प्रश्न जो पुण्याचा माणूस विचारत नाही आणि तिथे विचारायलाच हवा: पाणी कावेरीचं की बोअरचं? मार्च २०२४ मध्ये बंगळुरात बोअर आटले तेव्हा टँकरवर काय वेळ आली, ते बातम्यांत सगळ्यांनी पाहिलं. सोसायटीत कावेरीची लाइन असेल तरी ती पुरते का, उन्हाळ्यात टँकरचे पैसे मेंटेनन्समध्ये धरलेत की वरून मागतात, हे सेक्रेटरीला विचारा, घरमालकाला नको.

भाड्यातला सगळ्यात बेमालूम खर्च मात्र पुण्यातच बसला. प्राप्तिकराच्या नव्या पद्धतीत एचआरएची, म्हणजे घरभाडे भत्त्याची सूट नाही. म्हणजे बंगळुरात आम्ही ३८,००० देतो त्यावर काही नाही. पण पुण्यात २८,००० घेतो ते उत्पन्न. त्यातून तीस टक्के वजावट मिळते, उरलेल्यावर कर. वर्षाचे ३,३६,०००, वजावटीनंतर साधारण २,३५,०००, वीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये सेससह वर्षाला पन्नास हजारांच्या थोडं आत. महिन्याला चार हजार गेले. फ्लॅट ह्यांच्या नावावर आहे. माझ्या नावावर असता, तर माझ्या चिमुकल्या उत्पन्नावर शून्य लागला असता, हे मी घरात पुरेशा वेळा सांगून झालेलं आहे.

थांबा, संपलं नाही. पुणे महापालिका स्वतः राहणाऱ्याला मिळकतकरात ४० टक्क्यांची सवलत देते, त्यासाठी तो पीटी-३ चा फॉर्म भरतो ना आपण. घर भाड्याने दिलं की ती सवलत गेली. आणि मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी ‘नॉन-ऑक्युपन्सी’ शुल्क लावते. ती सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, हे तुमच्या सेक्रेटरींना माहीत असेलच असं नाही. आमच्या सेक्रेटरींना मी परिपत्रकाची प्रत दिली. आता ते मला जिन्यात भेटले की मोबाइलमध्ये बघतात.

म्हणजे नंबिओ ज्याला दहा हजारांचा भाड्याचा फरक म्हणेल, तो आमच्या वहीत आला असा: दहा हजार, मेंटेनन्सचे साडेचार, डिपॉझिटचं बुडालेलं व्याज, रंगकाम, पुण्याच्या भाड्यावरचा कर, मिळकतकराची गेलेली सवलत. वीस हजारांच्या पुढे गेला. पगारवाढ ज्या टक्क्यावर ठरली होती, त्यात हे बसत नव्हतं, आणि ह्यांनी तो कागद घेऊन पुन्हा बोलणी केली. थोडं वाढवून मिळालं. कंपनीच्या बाईंनी म्हणे विचारलं, “हे कुठल्या वेबसाइटवर मिळालं?”

विजेत मात्र बंगळूरने जिंकलं, ते मोकळ्या मनाने सांगते. महाराष्ट्रात घरगुती विजेचे टप्पे असतात. शंभर युनिटांपर्यंत एक दर, आणि १०१ पासून जवळपास दुप्पट. वर १६ टक्के वीज शुल्क. त्यामुळे मे महिन्यातलं बिल उघडताना आमच्या सोसायटीत शांतता असते. कर्नाटकाने अलीकडे घरगुती टप्पेच काढून टाकले. किती का जाळा, युनिटचा दर सहा रुपयांच्या आत, आणि मंजूर भारावर दर किलोवॅटला स्थिर आकार. शुल्क ९ टक्के. हवा अशी की एसीची गरज पडत नाही, पंखाही अर्ध्या वेगात. भरीस २०२३ पासूनची गृहज्योती योजना: २०० युनिटांच्या आत वापर असेल तर आधीच्या सरासरीत दहा टक्के मिळवून तेवढी वीज मोफत, भाडेकरूलाही. नव्याने आलेल्याची सरासरी कुठून आणणार? तर राज्याची ५३ युनिटांची सरासरी धरतात, त्यावर दहा टक्के, म्हणजे ५८. आमचा वापर दीडशेच्या आत, त्यातले ५८ फुकट. दोनशे ओलांडले तर मात्र सगळं बिल आपलं. मी महिन्याच्या विसाव्या दिवशी मीटर बघते, गिझर कुणी चालू ठेवला तर हाक मारते.

बायकांना कर्नाटकात सरकारी साध्या बसचा प्रवास फुकट आहे, जून २०२३ पासून. शहरातल्या बीएमटीसीच्या साध्या बसलाही, एसीला नाही. पण ओळखपत्रावर पत्ता कर्नाटकातला हवा. मी आधारचा पत्ता बदलून घेतला आणि आता कंडक्टर मला शून्य रुपयांचं तिकीट फाडून देतो. आपल्याकडे एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे, पण पुण्याच्या शहर बसला, पीएमपीला नाही. नंबिओवर बसच्या पासाचा एकच रकाना आहे, तो बाईचा की पुरुषाचा असं विचारत नाही. आमच्या घरापुरतं बोलायचं तर तो आकडा निम्म्याने चुकतो.

स्वयंपाकघराचं फार काही सांगत नाही, फरक थोडा आहे. नंदिनी या तिथल्या सहकारी दुधाचं निळं पाकीट एप्रिल २०२५ च्या चार रुपयांच्या वाढीनंतरही लिटरला ४६, पुण्याच्या दुधाच्या मानाने बरंच कमी. सरकार शेतकऱ्याला अनुदान देतं म्हणून. केळी डझनावर नाही, किलोवर मिळतात, आणि ती छोटी यलक्की केळी इतकी गोड की भाव विचारायचं विसरायला होतं. गजरा-माळ हातभर मापून देतात. हॉपकॉम्स या सहकारी भाजी-फळांच्या दुकानात भाजीचे भाव फळ्यावर लिहिलेले असतात, घासाघीस नाही, म्हणून मला सुरुवातीला करमेना. ज्वारीचं पीठ उत्तर कर्नाटकवाल्यांच्या दुकानात चांगलं मिळतं. बाहेर खायचं तर दर्शिनीत उभ्याने इडली-वडा आणि फिल्टर कॉफी; पुण्यात तेवढ्याच चवीला जास्त पैसे पडतात आणि वर टेबल मिळायची वाट बघावी लागते. नंबिओवरच्या ‘कॅपुचिनो’ने ही कॉफी मोजणाऱ्या माणसाला बंगळूर महागच वाटणार. धुणं-भांड्याच्या बाई मात्र पुण्यापेक्षा महाग, आणि प्रत्येक कामाचा दर वेगळा ठरतो. तीन गोष्टी सांगितल्या तर तीन दर.

एक गोष्ट कुठल्याच कॅल्क्युलेटरमध्ये येणार नाही, ती आठवी-नववीतली मुलं असणाऱ्यांनी नीट बघावी. कर्नाटकातल्या सरकारी कोट्यातल्या जागांसाठी, म्हणजे तिथल्या सीईटी या प्रवेश परीक्षेच्या, सर्वसाधारण नियम सात वर्षं कर्नाटकात शिकल्याचा आहे. आणि महाराष्ट्रात वैद्यकीयच्या राज्य कोट्यासाठी दहावी-बारावी महाराष्ट्रातून लागते. मूल नववीत असताना राज्य बदललं, तर ते इकडचंही राहत नाही आणि तिकडचंही होत नाही. उरतो अखिल भारतीय कोटा आणि खासगी कॉलेजची फी. काही सवलती आहेत, केंद्र सरकारी नोकरांच्या मुलांसाठी वगैरे, पण त्या आपल्याला लागू आहेत का हे माहितीपुस्तिकेत वाचून घ्या, शेजाऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका. आमची मुलगी पुण्यात बारावी होऊन कॉलेजात रुळली होती म्हणून आम्ही निघालो. दोन वर्षं आधी पत्र आलं असतं, तर पगारवाढीचा आकडा कितीही असता, हे एकटेच गेले असते आणि मी कोथरूडलाच राहिले असते. अशी दोन घरं आमच्या बिल्डिंगमध्येच आहेत, आणि बंगळुरात गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळात गेले तर तिथेही एकेकटे राहणारे बाप भेटले, शुक्रवारच्या रात्रीच्या पुण्याच्या बसचं बुकिंग मोबाइलवर बघत बसलेले.

तर साइट वापरायची का? वापरा, पण पहिल्या संध्याकाळपुरती. त्यांचा एकूण टक्का बघू नका. खाली स्क्रोल करून फक्त भाडं आणि किराणा वाचा, आणि ‘शेवटचं कधी अपडेट झालं’ ती तारीख बघा. मग एका कागदावर स्वतःच्या पाच गोष्टी मांडा: गाडी न्यायची की ठेवायची, डिपॉझिट किती अडकणार, मागचं घर रिकामं ठेवणार की भाड्याने देणार, विजेचे युनिट, मुलांचं शिक्षण कुठल्या वळणावर आहे. एकटा पोरगा पाठीवर सॅक घेऊन पीजीत राहणार असेल, तर नंबिओ पुरेसं आहे. त्याला ना गाडी ना मिळकतकर. संसार उचलून निघालेल्यांना नाही.

आकडे लोकच भरतात म्हणून मीही बंगळूरचे भरले. दूध, केळी, अंडी, तांदूळ, आमचं भाडं. मार्लबोरोच्या रकान्यापाशी ह्यांना विचारलं, तर म्हणाले, “मला कसं माहीत असणार?” एवढ्या घाईने म्हणाले, की तो आकडा मी आता पानवाल्याला विचारून भरणार आहे.